"मेलेला माणूस उठत नाही, मावशी" : भाच्याच्या चार प्रश्नांवरून

केडगावची पणती – शनिवार, रात्री १०.५०

काल गुड फ्रायडे. बारा ते तीनची उपासना होती. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांची सात प्रवचनं. त्यातली दोन बरी झाली. एक माझं होतं, ते त्या दोनांत नव्हतं.

बाहेर आलो तर पुण्यातल्या घोरपडीच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सोबत भाचा होता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. स्कूटरला टेकून कॅम्पातून आणलेला क्रॉस बन खाता खाता म्हणाला, "मावशी, चिडणार नसशील तर विचारतो. मेलेला माणूस उठत नाही. तू केमिस्ट्री शिकवतेस. तुला हे खरंच पटतं?"

चिडले नाही. पण घरी पोचेपर्यंत एकाचे चार प्रश्न झाले होते: येशू नावाचा माणूस झालाच कशावरून, बायबल किती वेळा बदललं, उठला म्हणजे काय, आणि माझ्या चुकांसाठी दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मरायचं काय कारण. हा धागा त्याच्यासाठी. तो इथे वाचनमात्र असतो, उगाच शोधू नका. धर्मप्रसाराचा हेतू नाही, संपादकांना आधी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय.

हा वाद जुनाच आहे. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. १८९० मध्ये इथल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजलं. वाद घाला, चहा पिऊ नका, अशी आपली रीत.

आधी मी काय सोडून देते ते सांगते, म्हणजे पुढे वेळ वाचेल. २५ डिसेंबर ही येशूची जन्मतारीख म्हणून शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, कुठेही नाही. पृथ्वी सहा हजार वर्षांची नाही, निदान मी तरी वर्गात तसं शिकवत नाही. येशूचं म्हणून दाखवल्या जाणाऱ्या ट्यूरिनच्या कफनाची १९८८ मध्ये कार्बन चाचणी झाली, कापड तेराव्या-चौदाव्या शतकातलं निघालं, विषय संपला. यातलं काहीही गेलं तरी माझा विश्वास जागचा हलत नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो तसं, ख्रिस्त उठला नसेल तर मात्र सगळंच फुकट. एका खुंटीवर सगळा संसार टांगलाय, आणि ते मला मान्य आहे.

येशू झाला का? रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण ११६ च्या सुमारास लिहितो की तिबेरियस बादशहाच्या काळात पंतय पिलात या सुभेदारानं ख्रिस्ताला देहदंड दिला. ख्रिस्ती लोक त्याला अजिबात आवडत नाहीत, त्यामुळे तो आमची जाहिरात करत नव्हता. ज्यू इतिहासकार योसेफसचा एक मोठा उतारा आहे, पण त्यावर कुणा ख्रिस्ती नकलनविसानं रंग चढवलाय, म्हणून मी तो बाजूला ठेवते. त्याच ग्रंथात पुढे एक ओझरता उल्लेख आहे: महायाजकानं "ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब" याला दगडमार करवली. साल ६२. मला मोठ्या उताऱ्यापेक्षा हा जाता जाता केलेला उल्लेख भारी वाटतो.

बायबल बदललं का? हो, काही ठिकाणी. लपवायचं कशाला? मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओळी सगळ्यात जुन्या दोन मोठ्या प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातल्या सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस यांत, नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्टही त्यांत नाही. (ती गोष्ट मला सगळ्यात प्रिय, त्यामुळे जरा जिवावरच येतं.) पण हे कळलं कसं? पाच हजारांवर ग्रीक हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहता येतात म्हणून. मँचेस्टरमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाचा तळहाताहून लहान पपायरसचा तुकडा आहे, बहुतेक दुसऱ्या शतकातला. एकच प्रत असती तर एकही पाठभेद सापडला नसता, आणि मग आपण सगळे निर्धास्त फसलो असतो.

माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आली. तिथल्या छापखान्यात ती खिळे जुळवायची. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं आख्खं बायबल १९२४ मध्ये निघालं, त्या गेल्यानंतर. त्याची एक प्रत आमच्याकडे आहे. कागद पापडासारखा झालाय. समासात पणजीनं एके ठिकाणी पेन्सिलीनं लिहिलंय, "येथे बाई थांबल्या." का थांबल्या, माहीत नाही. शब्द अडला असेल. भाषांतर म्हणजे काय, हे मला त्या दोन-तीन शब्दांनी जेवढं शिकवलं तेवढं प्रवचनांनी नाही.

आता उठण्याबद्दल. पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र साधारण ५४-५५ सालचं, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्यात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, पेत्र या शिष्याला दिसला, मग बारा शिष्यांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना एकाच वेळी, आणि त्यातले बरेच अजून हयात आहेत. पानशेत फुटलं १९६१ मध्ये. समजा १९८५ मध्ये कोणी लिहिलं असतं की त्या दिवशी लकडी पुलावर पाचशे लोकांनी अमुक पाहिलं आणि त्यातले बरेच अजून आहेत, तर तुम्ही नारायण पेठेत जाऊन चार दारं वाजवली असती. पौल दारं वाजवायला सांगतोय.

आणि शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा कोणाला दिसते? बायकांना. बायकांची साक्ष धरू नये असं योसेफसच लिहून गेलाय. गोष्ट रचायचीच होती तर कोणीतरी प्रतिष्ठित पुरुष उभा केला असता.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला नीट जमलेलं नाही. प्रतिसादांत बघू. आता झोपते, पहाटे ईस्टरची उपासना आहे.

पेठेतला पोपट – शनिवार, रात्री ११.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), येशू काश्मिरात येऊन शिकला आणि तिथेच वारला हे घालायचं राहिलं का? लडाखच्या मठात पोथी आहे म्हणतात.

वसईची वाट – रविवार, सकाळी ७.०५

सर्वांना ईस्टरच्या शुभेच्छा. ताई, सुरेख लिहिलंय.

पोपटराव, ती पोथी नोटोविच नावाच्या रशियन गृहस्थानं १८९४ मध्ये छापली. संस्कृतचे पंडित मॅक्सम्युलर यांनी त्याच वर्षी शंका काढली आणि पुढच्या वर्षी डग्लस नावाचे प्राध्यापक थेट हेमिस मठात गेले. तिथल्या प्रमुख लामांनी सांगितलं की अशी पोथीही नाही आणि असा पाहुणाही आला नव्हता.

ताईंना एक नम्र दुरुस्ती: याकोब हा सख्खा भाऊ नव्हे. आम्ही कॅथलिक लोक चुलत-मावस धरतो.

केडगावची पणती – रविवार, सकाळी ११.४०

मी "सख्खा" लिहिलंच नाहीये, लबाड कुठले! त्या वादाला वेगळा धागा काढा, मी येईन.

शंकासुर – रविवार, दुपारी ३.२०

धागालेखिकेनं आपणहून पाठभेद मान्य केले, हे या विषयावरच्या लेखनात क्वचित दिसतं. आता मुद्द्यावर येतो.

वीस-पंचवीसच वर्षं झाली होती, हे ठीक. पण पौलाचं पत्र करिंथात वाचलं गेलं, यरुशलेमात नाही. मध्ये समुद्र. करिंथचा गोदी कामगार पाचशेतल्या एकाचं दार वाजवायला जाणार होता? नारायण पेठेची उपमा म्हणूनच फसवी आहे. शिवाय पाचशेपैकी एकाचंही नाव नाही. "पाचशे लोकांनी पाहिलं" ही एका माणसाची साक्ष आहे, पाचशे जणांची नाही.

बायकांचा मुद्दा ऐकायला छान वाटतो. पण प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला कोण जाणार होतं? बायकाच. मग गोष्टीत त्याच येणार. आणि पौलाच्या यादीत, जी सगळ्यात जुनी, तिथे बायका नाहीतच. हेही सांगा ना.

माझी आजी आजोबा गेल्यावर सहा महिने रोज सकाळी दोन कप चहा ओतायची. "आत्ता तर दाढी करत होते," म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती, वेडीही नव्हती. दुःखात माणसं दिसतात. प्रामाणिक साक्षीदार म्हणजे खरी घटना असं होत नाही.

शेवटचं आणि मुख्य. देहूला दरवर्षी बीजेला नांदुरकीच्या झाडाखाली लाखो लोक जमतात. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले. गाथा इंद्रायणीतून तरून वर आली. या घटना दोन हजार नव्हे, पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या, आपल्या भाषेतल्या, इथून तासाभरावरच्या. आम्ही विवेकवादी हे मानत नाही. तुम्ही मानता का? नसाल, तर जी फूटपट्टी देहूला लावता ती यरुशलेमला का नाही?

पेठेतला पोपट – रविवार, दुपारी ३.४५

+१. पानशेतबद्दल अवांतर: आमच्या आजोबांच्या मते पाणी दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला लागलं होतं. समोरच्या काकांच्या मते पहिल्याच मजल्यावर थांबलं. दोघांचा वाडा एकच.

इंद्रायणीकाठ – रविवार, संध्याकाळी ६.३०

शंकासुरराव, तुकोबांना या कज्ज्यात ओढायची गरज नव्हती. आम्ही बीजेला जातो ते पुरावा तपासायला नाही. दुपारी बारा वाजता फुलं उधळतात तेव्हा शेजारचा माणूस रडत असतो आणि आपणही रडतो. खरं घडलं का हा प्रश्न त्या घटकेला कोणाच्या डोक्यातच नसतो.

मला ताईंनाच विचारायचंय. तुमचे रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः सांगत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो. मग पूल खरा की नाही? पलीकडे पोचल्यावर "मार्ग, सत्य आणि जीवन मीच" हे वाचून पूल मोडायचा असतो का? मला ख्रिस्ताबद्दल काही वाकडं वाटत नाही. "मीच" मधला तो "च" तेवढा खुपतो.

केडगावची पणती – सोमवार, रात्री ९.१०

दोन दिवस पेपर तपासत होते, उशिराबद्दल माफी.

शंकासुर, दोन गोष्टी तुमच्या. करिंथचा कामगार समुद्र ओलांडून जाणार नव्हता, बरोबर. आणि पौलाच्या यादीत बायका नाहीत हे मी लिहायला हवं होतं. ते मी टाळलं, आणि टाळतेय हे टाळताना मला माहीत होतं.

पण पौल नुसतं ऐकीव सांगत नव्हता. गलतीकरांना लिहिताना तो शपथेवर सांगतो की आपण यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि याकोबालाही भेटलो. याकोबही त्याच्या यादीत पुढे आहे. म्हणजे ज्यांनी पाहिलं म्हणून तो सांगतो, त्यातल्या दोघांना तो समोरासमोर भेटलाय. याकोब हा तर आधी विश्वास न ठेवणाऱ्यांतला. येशूचे भाऊ येशूला मानत नव्हते असं योहान उघड लिहितो. घरचा माणूस पटणं किती अवघड असतं ते माझ्या भाच्याला विचारा. तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, म्होरक्या होतो आणि ६२ मध्ये दगडमारीत मरतो. पौल स्वतः तर विरोधी पक्षातला, ख्रिस्ती लोकांना पकडून देणारा. दुःखात माणसं दिसतात, मान्य. पण पौलाला कसलं दुःख होतं?

आजींच्या चहाबद्दल. वाचून घशात आलं. पण एक सांगा, वैकुंठ स्मशानभूमीत नेऊन दहन केलेले आजोबा उठून आले असं आजी कधी म्हणाल्या का? नाही. गेले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, दिसत होते ते गेलेले आजोबा. त्या काळच्या ज्यू लोकांकडेही अशा दिसण्याला शब्द होता. पेत्र तुरुंगातून सुटून दार वाजवतो तेव्हा आतली माणसं म्हणतात, "त्याचा देवदूत असेल." तयार शब्द हाताशी होता. येशूच्या बाबतीत त्यांनी तो वापरला नाही. "उठला" म्हणाले. शेवटच्या दिवशी सगळे मिळून उठणार अशी त्यांची समजूत होती, मधेच एकटा उठेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. हे मला अजून उलगडत नाही, म्हणजे "तो उठला" याशिवाय उलगडत नाही.

यानं सिद्ध झालं का? नाही. देव नाहीच असं धरून चाललं तर कुठलंही दुसरं स्पष्टीकरण, अगदी लंगडंसुद्धा, यापेक्षा बरंच वाटणार. चमत्कार घडण्यापेक्षा साक्षीदार चुकला असणंच जास्त संभवतं, असं तत्त्वज्ञ ह्यूम १७४८ मध्ये म्हणून गेला. तुम्ही दार आधीच लावलंय, मी आधीच किलकिलं ठेवलंय. दोघांनीही ते पुरावा बघून केलेलं नाही.

फूटपट्टी. तुकोबांच्या शेवटाबद्दल त्यांच्या भावाचं, कान्होबांचं, काय म्हणणं होतं, विरोधकांपैकी कोण काय म्हणालं, हे मी अभ्यासलेलं नाही. म्हणून "घडलं नाही" असं मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणता त्यात दम आहे, एकाला चाळणी आणि दुसऱ्याला पातेलं असं चालणार नाही.

इंद्रायणीकाठ, "च" बद्दल नंतर लिहिते. तो सोपा नाही.

पोपटराव, दोघांचे मजले वेगळे, पण पूर आला होता ना? कबरीपाशी देवदूत एक की दोन, येशूला पकडून देणाऱ्या यहूदानं फास घेतला की पडून पोट फुटलं, यावर शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत मेळ नाही. मी तो ओढूनताणून बसवत नाही.

शंकासुर – सोमवार, रात्री ९.५५

पूर रोजच्या जगातली गोष्ट आहे. मढं उठणं नाही. म्हणून पुरावा जास्त लागतो. बाकी "दोघांनीही पुरावा बघून केलेलं नाही" याला अर्धी सहमती. दार लावण्यामागे माझ्याकडे आजवर मेलेली आणि न उठलेली सगळी माणसं आहेत.



पेठेतला पोपट – मंगळवार, सकाळी १०.००

कॉन्स्टंटाइन बादशहानं परिषद भरवून मतदानानं येशूला देव केलं ना? बायबलमधली पुस्तकंही तिथेच ठरली. व्हॉट्सअपवर आलंय, म्हणजे खरंच असणार.

वसईची वाट – मंगळवार, दुपारी १.३०

नायसियाची परिषद, साल ३२५. बादशहानं भरवली हे खरं. पण पुस्तकांची यादी विषयपत्रिकेवर नव्हतीच. आजची सत्तावीस पुस्तकांची यादी अथनासियस या बिशपच्या ३६७ च्या पत्रात दिसते. वाद होता आरियसचा: पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला. येशूला देव मानणं त्याच्या दोनशे वर्षं आधीपासून होतं. प्लिनी हा रोमन सुभेदार ११२ च्या आसपास बादशहाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात. तक्रार म्हणून कळवतो हं.

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव याचा, विषय निघालाच आहे तर, १+१+१ चा विनोद कृपया नको. आणि दत्ताची तीन तोंडं असंही समजावू नका.

केडगावची पणती – मंगळवार, दुपारी २.१५

आणि पाणी-बर्फ-वाफ तर अजिबात नको! संडे स्कूलमध्ये दरवर्षी कोणीतरी थर्मास आणि बर्फाचा ट्रे घेऊन येतं. एकच देव तीन रूपं पालटतो हे साबेल्लियसचं मत, मंडळीनं तिसऱ्या शतकातच नाकारलेलं. आम्ही मुलांना ते बर्फासकट शिकवतो. केमिस्ट्रीच्या बाईंना दुहेरी त्रास.

मला स्वतःला एवढंच उमगलंय: देव प्रेम आहे असं म्हणायचं, तर जग नव्हतं तेव्हा तो प्रेम कोणावर करत होता? एकट्याचं प्रेम ही कल्पनाच पांगळी आहे. यापुढे माझी गाडी जात नाही.

वसईची वाट – मंगळवार, दुपारी २.४०

ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारं संस्कृत स्तोत्र रचलं: सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे आत्मा. आमच्याकडे अजून गातात. बर्फाच्या ट्रेपेक्षा बरं.

रोखठोक७७ – मंगळवार, रात्री ११.३०

एवढं तत्त्वज्ञान कशाला? दुष्काळात भाकरी दाखवून बाटवलं, एवढाच इतिहास आहे. धागालेखिकेनं स्वतःच कबूल केलंय.

केडगावची पणती – बुधवार, सकाळी ६.५०

कबूल कसलं, अभिमानानं सांगितलंय. पणजी आठ वर्षांची होती, आईबाप वाटेत गेले होते. भुकेली होती, जेवली. जेवण घालणारी बाई ख्रिस्ती होती. ती बाई वेदान्त कोळून प्यायलेली होती, कोलकात्याच्या पंडितांनी तिला "सरस्वती" म्हटलं होतं, तिला कोणी भाकरी दाखवली नव्हती. भाकरीनं सत्य सिद्ध होत नाही, तसं खोटंही ठरत नाही. आमिष दाखवून धर्म बदलायला लावलेलं कुठे असेल तर ते वाईटच, आणि माझ्याच लोकांनी केलं असेल तर जास्त वाईट. पण माझ्या पणजीच्या पोटातल्या घासावरून मला शरमिंदं करायला येऊ नका.

संपादक मंडळ – बुधवार, सकाळी ९.००

खालचे दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत. विषयाला धरून लिहावे.

कोर्टकचेरी – बुधवार, रात्री ८.२०

चौथा प्रश्न तसाच राहिलाय. वकील म्हणून सांगतो: दिवाणी दाव्यात जामीनदार पैसे भरू शकतो. फौजदारीत एकाची फाशी दुसऱ्याला देता येत नाही, त्यानं हात वर केला तरी. निर्दोष माणसाला लटकवून दोषी सोडणारा न्यायाधीश हा न्यायाधीशच नव्हे. हा तुमच्या श्रद्धेचा कणा आहे म्हणता?

शंकासुर – बुधवार, रात्री ८.४५

दुजोरा, आणि त्यांच्याच पुस्तकातून. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा घरी येतो. बाप धावत जाऊन मिठी मारतो. बळी नाही, रक्त नाही, मधला कोणी नाही. येशूनं स्वतः सांगितलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टीत वधस्तंभाची गरजच पडत नाही.

केडगावची पणती – गुरुवार, रात्री १०.३०

काल रात्रभर हेच डोक्यात होतं. शंकासुर, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रतिसाद.

वकीलसाहेब, यहेज्केल संदेष्टाही तुमच्याच बाजूनं आहे: पापाबद्दल बापानं मुलाचा भार वाहायचा नाही, मुलानं बापाचा नाही. तेव्हा "चिडलेल्या देवाला शांत करायला तिसऱ्याच गरिबाला मारलं" असं चित्र जो उभं करतो, मग तो आमच्या व्यासपीठावरचा का असेना, तो चुकतो. लहानपणी मला तेच शिकवलं गेलं आणि मला त्या देवाची भीती वाटायची.

घरातली एक गोष्ट सांगते. ८८-८९ साली बाबा एका पतसंस्थेच्या कर्जाला चुलतकाकांसाठी जामीन राहिले. काका वर्षभरात पसार झाले. बाबांनी चार वर्षं हप्ते भरले. दर महिन्याच्या पाच तारखेला सायकलवरून जायचे, पावती आणून खिळ्याला टोचायचे. माझी सहल त्यात गेली, आईच्या पाटल्या गेल्या. मग एका नाताळच्या आदल्या दिवशी काका दारात उभे. आई करंज्या तळत होती. बाबा म्हणाले, "आत ये." बस्स, एवढंच. कर्जाचा विषय पुन्हा निघाला नाही. काका सगळीकडे सांगायचे, "दादानं एका शब्दात माफ केलं." एका शब्दात! खिळ्यावरच्या अठ्ठेचाळीस पावत्या त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

लूकच्या त्या गोष्टीतला बापही फुकट माफ करत नाही. धाकट्याची वाटणी गेली आहे, गावात शोभा झाली आहे, थोरला रुसून बाहेर उभा आहे. सगळं बापानं गिळलंय. माफी म्हणजे हिशेब हवेत विरत नाही, तो माफ करणाऱ्याच्या खात्यात येतो. वधस्तंभ माझ्यासाठी ती खिळ्याला टोचलेली पावती आहे. आणि म्हणूनच त्रैक्य, अवतार ही डोकेदुखी मला सोडता येत नाही. वधस्तंभावरचा माणूस देवापेक्षा कोणी तिसरा असेल तर वकीलसाहेब, तुम्ही जिंकलात. तो स्वतःच असेल, तरच हे न्यायाच्या जवळपास येतं.

हे कसं घडतं याचं एकच अधिकृत उत्तर मंडळीनं कधी ठरवलेलं नाही. मध्ययुगातल्या धर्मपंडितांपैकी अन्सेल्म ऋण आणि मानाच्या भाषेत सांगतो, अबेलार प्रेमाच्या, त्याआधीचे लोक मृत्यूवरच्या विजयाच्या.

कोर्टकचेरी – गुरुवार, रात्री ११.०५

अठ्ठेचाळीस पावत्या हा पुरावा म्हणून दाखल करून घेतो. निकाल राखून ठेवतो. फौजदारीचा आक्षेप कायम.

मंजुघोषा – शुक्रवार, पहाटे १.४०

पहिल्यांदाच लिहितेय. २०२१ च्या एप्रिलमध्ये धाकटा भाऊ गेला. रात्रभर ऑक्सिजनच्या खाटेसाठी फोन करत होतो. एका बाईंनी, चांगल्या आहेत त्या, सांगितलं की येशूला हाक मार. मारली. तेव्हा कोणालाही हाक मारत होते. तुमच्या पुस्तकात लाजर उठतो, याईराची मुलगी उठते. ती दोघं कोण लागून गेली? मला वाद घालायचा नाही. पण उत्तर असेल तर सांगा.

केडगावची पणती – शुक्रवार, सकाळी ६.१५

नाही माझ्याकडे.

रमाबाईंची एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलचं भाषांतरच तपासत होत्या. त्यांना उत्तर मिळालं होतं म्हणून नव्हे, असं मला वाटतं.

त्या सात उद्गारांतला चौथा "एली, एली, लमा सबख्थनी": माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. यंदा तोच माझ्या वाट्याला आला होता. मी वीस मिनिटं बोलले. दोन मिनिटं बोलून गप्प बसायला हवं होतं.

भावाचं नाव सांगावंसं वाटलं तर व्यनि करा.

इंद्रायणीकाठ – शुक्रवार, दुपारी ४.००

"च" राहिला, ताई.

केडगावची पणती – शुक्रवार, रात्री ९.२०

राहिला, कारण जमत नाहीये. एवढं सांगते: "मीच मार्ग" असं येशू म्हणतो, "माझी मंडळीच मार्ग" असं म्हणत नाही. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये लिहून ठेवलंय की ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. आमच्या पाळकांना हे पचणार नाही, मला पचतं. पण "च" मी खोडणार नाही, तो माझा नाही. आणि पूल मोडायचा नाही. त्या पुलावरून अजून आम्ही ये-जा करतो. टिळकांचे अभंग दर रविवारी टाळांवरच म्हणतो.

शंकासुर – शनिवार, सकाळी ११.००

मी होतो तिथेच आहे, हे नोंदवतो. पण ती केडगावची प्रत बघायची आहे. "येथे बाई थांबल्या" नेमकं कुठल्या ओळीपाशी?

केडगावची पणती – शनिवार, सकाळी ११.३०

मुद्दामच लिहिलं नव्हतं. उद्या साडेनऊला उपासना, नंतर मागच्या हॉलमध्ये चहा. प्रत घेऊन येते. ईस्टरनंतरच्या रविवारी थोमाचा उतारा असतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्याचा. तुमचाच वार आहे. उपासनेला नका बसू हवं तर, थेट चहाला या.

शंकासुर – शनिवार, सकाळी ११.४२

बिस्किटं असतील तर येतो. नावं छापून आणणार नाही ना कोणी?

पेठेतला पोपट – शनिवार, सकाळी ११.४३

यादी माझ्याकडे द्या.